घरच्या रेकॉर्डिंगमध्ये मिडी कुठवर आणि लाइव्ह कुठून?

मंद्रसप्तक

मंडळी, स्वतःच्या काही चाली घरीच रेकॉर्ड करून पूर्ण करायचं मनावर घेतलं आहे. सध्या संथ लयीतलं एक गाणं हातात आहे. गाणार मीच, अकूस्टिक गिटारही मीच वाजवणार. भोवती पियानो, व्हायोलिनचा छोटा ताफा, हलका ऱ्हिदम आणि दोन कडव्यांच्या मध्ये बासरीचा एक पीस, एवढीच मांडणी डोक्यात आहे.

साधनं अशी: दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक आणि वाद्य कॉम्प्युटरला जोडणारा), एक कंडेन्सर माईक, ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, बरे हेडफोन आणि झोपायचीच खोली.

आवाज आणि गिटार सोडून सगळं मिडीवर प्रोग्राम केलं, म्हणजे वाद्याचा आवाज न घेता कोणता स्वर, कधी, किती जोरात एवढ्याच नोंदी करून ते कॉम्प्युटरकडून वाजवून घेतलं. एका मित्राने कच्चं मिक्स ऐकलं आणि म्हणाला, "सगळं जागच्या जागी आहे, पण कुणी वाजवतंय असं वाटत नाही." दुसरा नेमकं उलट सांगतो. त्याच्या मते घरच्या खोलीत वाद्यं घेण्याच्या भानगडीत पडूच नये, आजच्या सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांचे संच) त्याहून कितीतरी सरस आहेत. दोघांच्या कानांवर माझा विश्वास आहे, म्हणूनच अडलोय.

हे मिडीवर चालेल आणि हे वाजवूनच घ्यायला हवं, हे ठरवायचं कसं? "गाण्याच्या गरजेप्रमाणे" हे उत्तर कृपया नको. काही ठोस कसोटी आहे का?

काळी_चार

बासरी लाइव्ह घ्या. बाकीचं सावकाश बोलू.

अनाहत

कसोटी आहे. वाद्य समोर धरा आणि विचारा, स्वर सुरू झाल्यावर वादक त्याचं पुढे काही करतो का?

पियानोची हातोडी तारेवर आपटून मागे फिरली की वादकाच्या हातात उरतं ते पट्टी सोडणं आणि पेडल. मिडीचा 'नोट ऑन' संदेश नेमकं हेच सांगतो, कोणती पट्टी आणि किती जोरात. जोर १ ते १२७ असा मोजतात. पट्टी कधी सुटली त्याचा वेगळा संदेश असतो, पेडल ६४ क्रमांकाच्या कंट्रोलरवर (स्वर सोडून इतर हालचाली सांगणारा क्रमांकित संदेश) जातं. म्हणजे पियानोवादकाने केलेलं जवळजवळ सगळं मिडीत उतरतं. यामाहाचा डिस्क्लाव्हिअर हा खराखुरा पियानो अशाच नोंदींवरून स्वतःच्या पट्ट्या हलवून वाजतो आणि ऐकणाऱ्याला काही हरवलंय असं वाटत नाही.

बासरीत स्वर लागल्यावरच खरं काम सुरू होतं. फुंकेचा दाब, ओठांचा कोन, अर्धवट झाकलेलं छिद्र, स्वर सोडतानाची हवा. यातलं काहीही नोट ऑनमध्ये नाही. ते सगळं वेगवेगळ्या कंट्रोलरवर नंतर रेखाटावं लागतं, आणि रेखाटणारा बहुतेक वेळा बासरीवादक नसतो.

मिडी कुठून आलं तेही इथे लक्षात घ्यायला हवं. जानेवारी १९८३ मध्ये नॅम या वाद्य-व्यवसायाच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले. दोन्ही कीबोर्ड. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कीबोर्डांनी एकमेकांशी बोलावं यासाठी केलेली ती सोय आहे आणि तिच्या स्वरांच्या संदेशात पट्टी गृहीत धरलेली आहे. त्यामुळे पट्टीवर जे संपतं ते मिडीत छान जातं. पट्टीच्या पुढे जे चालू राहतं ते अडतं.

तुमच्या यादीला ही कसोटी लावा. पियानो: मिडी, बिनदिक्कत. गिटार: तुम्ही वाजवताच आहात. बासरी: लाइव्ह. व्हायोलिन आणि ऱ्हिदम यांच्यावर वाद होईल, होऊ द्या.

रविवारचा_रियाझ

४९ पट्ट्यांत व्हायोलिनचा अख्खा ताफा बसवलात, आता खोलीत एक बासरीवाला बसेल का तेवढं बघा :)

घुमट

अनाहत यांची कसोटी पटली, पण ती वाद्याकडून विचार करते. मी खोलीकडून करतो, कारण माईकला वाद्याआधी खोली ऐकू येते.

मंद्रसप्तक, तुमचे दुसरे मित्र चूक नाहीत. १०० हर्ट्झच्या ध्वनीच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते. तो नीट शोषायचा तर शोषक थर भिंतीपासून पाऊण-एक मीटर बाहेर यायला हवा. भिंतीवर चिकटवतात ते बोटभर जाडीचे फोमचे तुकडे वरच्या पट्टीतलं तेवढं खातात आणि खालचं घुमणं तसंच ठेवतात. मग गिटार एकाच वेळी कोंदटही वाटते आणि काही स्वरांना उगाच फुगतेही. छोट्या खोलीत हे हमखास होतं.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. एक लाइव्ह ट्रॅक वाईट खोलीतही निभावून जातो. त्याच खोलीत त्याच माईकवर आठ ट्रॅक घेतलेत की खोलीचा तोच रंग आठदा चढतो. पार्श्वभूमीची खरखर सुद्धा वाढते, सारख्या पातळीचे ट्रॅक दुप्पट झाले की सुमारे ३ डेसिबलने, म्हणजे आठ ट्रॅकना ९ डेसिबलने.

म्हणून माझा सल्ला असा की लाइव्ह घ्याल ते मोजकं घ्या. जे सगळ्यात पुढे ऐकू येणार आहे ते घ्या. मागे राहणारं वाद्य लाइव्ह घेण्यात श्रम जास्त आणि पदरात पडतं फारच कमी.

काळी_चार

घुमट यांना अनुमोदन, पण खोलीला इतकंही घाबरू नये. वाद्य आणि माईकमधलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा परतणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. घरातला सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

गिटारला माईक पोकळीच्या तोंडासमोर धरू नका, तिथून खर्ज भसाभसा येतो. दांडा जिथे खोक्याला जुळतो, म्हणजे बाराव्या-चौदाव्या पडद्याच्या आसपास, तिथे वीतभर ते हातभर अंतरावर ठेवून सुरुवात करा. मग हेडफोन लावून माईक बोटभर इकडेतिकडे सरकवत ऐका. इक्वलायझरवर तासन् तास घालवण्यापेक्षा ही पाच मिनिटं जास्त कामाची. पाठीमागे कपड्यांचं उघडं कपाट किंवा जाड रजई असेल तर उत्तम. आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी बसू नका.

निखळ_नाद

कंडेन्सरऐवजी डायनॅमिक माईक घ्यावा ना मग? एसएम५७ खोली कमी पकडतो असं सगळेच म्हणतात.

काळी_चार

निखळ_नाद, हा समज सगळीकडे आहे, पण खोली कमी येते ती जवळून वापरल्यामुळे. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) कंडेन्सर आणि कार्डिऑइड डायनॅमिक एकाच अंतरावर ठेवा, पातळी सारखी करा, खोली जवळपास तितकीच ऐकू येईल. डायनॅमिक माईक तोंडाला लावून वापरायची सवय असते म्हणून तो कोरडा वाटतो. कार्डिऑइड माईकची पाठ सगळ्यात बहिरी असते, ती पंख्याकडे किंवा खिडकीकडे करा. आहे त्याच माईकवर काम होईल.

ठेका_धरा

ऱ्हिदमवर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

अनाहत यांच्या कसोटीप्रमाणे ड्रम मिडीत चालायला हवेत, आघात झाला की विषय संपला. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. चांगल्या ड्रम लायब्ररीत एकाच आघाताचे जोराप्रमाणे अनेक थर असतात, आणि लागोपाठ दोन आघात हुबेहूब सारखे येऊ नयेत म्हणून आळीपाळीने वेगळे नमुने वाजतात. तरी निर्जीव वाटतं त्याचं कारण आवाज नसून वेळ आहे. आणि वेळ आपणच मारतो, क्वांटाईझचं बटण, म्हणजे प्रत्येक आघात मात्रेच्या नेमक्या जागेवर ओढून बसवणारं, शंभर टक्क्यांवर दाबून.

मिडीची वेळेची नोंद खरं तर फार बारीक असते. बऱ्याच सॉफ्टवेअरांत एका मात्रेचे ९६० भाग करतात. १२० च्या लयीत मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे एक भाग अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. तुमच्या हाताचा पुढेमागेपणा त्यात आरामात मावतो. बोटांनी वाजवलंत, तो जपला गेला, आणि मग तुम्ही तो एका क्लिकने पुसून टाकलात.

रॉजर लिन यांनी १९८० मध्ये एलएम-१ हे ड्रम मशीन आणलं, खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने वाजवणारं. त्यात आघात जागेवर ओढून बसवायची सोय होती, आणि सोबत स्विंगही होता, दर दुसरा सोळांश आघात थोडा उशिरा ढकलायचा. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास गेलं की तिस्र जातीचा डोल येतो. या दोन टोकांच्या मध्ये, ५४-५८ च्या घरात, फार मजा आहे. संथ गाण्यात तर नक्की करून बघा.

मी स्वतः असं करतो: किक आणि स्नेअर ५०-६० टक्के ताकदीने क्वांटाईझ, हाय-हॅट अजिबात नाही. आणि 'ह्यूमनाईझ' वापरत नाही. ते आघात यादृच्छिक हलवतं, माणूस तसा हलत नाही. माणूस ओळ संपताना रेलतो, तिहाई-फिलमध्ये घाई करतो, त्याच्या चुकण्यालाही दिशा असते.

आणि शक्य असेल तर एक हातात धरायचं वाद्य लाइव्ह वाजवून त्यावर घाला. शेकर, टाळ, काहीही. पूर्ण गाणंभर, लूप न करता. प्रोग्राम केलेला अख्खा ऱ्हिदम त्या एका ट्रॅकमुळे उठून बसतो.

मंद्रसप्तक

ठेका_धरा, पाठीच्या कण्यापर्यंत पोचलं. मी सगळं शंभर टक्के क्वांटाईझ केलेलं आहे, पियानोसकट. मूळ टेक जपलेले आहेत, आज रात्री सोडवून ऐकतो.

एक अडचण. कीबोर्डवर वाजवताना आवाज किंचित मागून येतो, त्यामुळे माझा हात नकळत पुढे पळतो. हे कसं टाळायचं?

शून्य_विलंब

हा माझा विषय.

इंटरफेसचा बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज एका वेळी किती तुकड्यांत (सॅम्पलमध्ये) हाताळतो, तो किती ठेवलाय ते बघा. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, १०२४ म्हणजे तब्बल २३. त्यावर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचा थोडा वेळ चढतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, ध्वनी हवेत १ मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो. म्हणजे १२८ वर तुम्ही स्पीकरपासून आणखी एक मीटर लांब बसून वाजवताय. १०२४ वर आठ मीटर लांब. त्या अंतरावरून नाजूक पियानो कुणालाच वाजवता येणार नाही.

वाजवताना १२८ किंवा ६४, मिक्स करताना १०२४. वाजवण्याच्या वेळी मास्टर ट्रॅकवरचे जड प्लगइन (सॉफ्टवेअरात जोडलेले इफेक्ट) बंद ठेवा. लिनिअर फेज इक्वलायझर आणि पुढचं बघून काम करणारे लिमिटर स्वतःचा उशीर वाढवतात आणि बफर कमी करूनही तो जात नाही. बऱ्याच जणांचं इथेच अडलेलं असतं.

गाताना आणि गिटार घेताना इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, आवाज कॉम्प्युटरमधून फिरून येतच नाही. मिडीला मात्र ही पळवाट नाही, कारण तिथे आवाज मुळात कॉम्प्युटरच तयार करतो. या बाबतीत लाइव्ह जिंकतं!

सतार_बीतार

बासरीवरून मूळ प्रश्नात एक भर घालतो. अनाहत म्हणतात ते खरं आहे, पण "मिडीत मींड येतच नाही" असा अर्थ कुणी काढू नये.

पिच बेंड, म्हणजे स्वर वर-खाली ओढायचा मिडी संदेश, १४ बिटांचं असतं, १६,३८४ पायऱ्या. त्यामुळे मींड घ्यायला बारकाई भरपूर आहे. अडचण अशी की ते पूर्ण चॅनेलला लागू होतं. दोन स्वर एकाच वेळी वाजत असतील आणि एकालाच ओढायचं असेल तर दुसराही सोबत ओढला जातो. यावरचा उपाय एमपीई, म्हणजे मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन. २०१८ मध्ये ते अधिकृत मानकात आलं. प्रत्येक स्वराला वेगळं चॅनेल देऊन त्याचं बेंड, दाब आणि बोटाचं सरकणं स्वतंत्र ठेवतात. २०२० च्या मिडी २.० मध्ये हे आणखी पुढे गेलंय, जोर १६ बिटांत, कंट्रोलर ३२ बिटांत आणि प्रत्येक स्वराला आपलं वेगळं बेंड. लिनस्ट्रुमेंट किंवा सीबोर्डसारख्या पृष्ठभागावर बोट सरकवून मींड घेता येते, कानाला पटेल अशी.

पण त्यासाठी ते वाद्य म्हणून शिकावं लागतं. रियाझाला सुट्टी मिळत नाही, वाद्य तेवढं बदलतं.

दुसरा मुद्दा श्रुतींचा. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) असतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा साधारण ३८६ वर. १४ सेंटचा फरक. पंचमात तो जेमतेम २ सेंट, म्हणून पंचमाला कुणी तक्रार करत नाही. संथ गाण्यात तुम्ही गंधारावर थांबलात आणि मागे मिडी व्हायोलिनचा गंधार लांबवलेला असेल तर दोघांचं घासणं ऐकू येतं. लोक मग स्वतःच्या गळ्याला दोष देत बसतात. आधी मागचा गंधार काढून बघा.

अनाहत

सतार_बीतार, सुंदर. हे मी विसरूनच गेलो होतो असं नाही, पण इतकं नेमकं मांडलं नसतं. जनरल मिडीच्या १९९१ च्या १२८ आवाजांच्या यादीत १०५ वर सतार आहे आणि ११२ वर सनई. दोन्ही मींडेवर जगणारी वाद्यं, आणि दोन्ही पट्टीवर बसवलेली. तबला त्या यादीत नाहीच.

ठेका_धरा

नाही तेच बरं. डग्ग्यावर मनगट घासून जो घुमारा वर चढवतात तो एका आघाताच्या नमुन्यात कसा येणार? लायब्ररीत चढता, उतरता, छोटा, लांब असे वेगवेगळे 'घे' ठेवतात, तेही बरे वाजतात. पण गायकाच्या ओळीकडे बघून तो किती चढवायचा हे वाजवणारा त्या क्षणी ठरवतो.

रात्रपाळी

मला एक मूलभूत हरकत घ्यायची आहे. "कुणी वाजवतंय असं वाटलं पाहिजे" हे गृहीतच का धरायचं?

१९८० चं टीआर-८०८ हे ड्रम मशीन खऱ्या ड्रमसारखं वाजत नव्हतं. त्याचा किक म्हणजे सर्किटमधून काढलेला घुमणारा खर्ज. त्यावर संगीताचे अख्खे प्रवाह उभे राहिले आणि कुणालाही तिथे माणूस बसलेला नको असतो. मिडी नक्कल करतं तेव्हाच ते उणं पडतं. स्वतःचं काही वाजवतं तेव्हा तुलनाच संपते.

मंद्रसप्तक, व्हायोलिनच्या ताफ्याची नक्कल करण्यापेक्षा त्या जागी सरळ एक ऊबदार सिंथ पॅड (सिंथेसायझरचा मागे लांबत राहणारा आवाज) ठेवून बघा. खोटं व्हायोलिन ऐकताना कान तपासणी करायला लागतो. खऱ्या सिंथकडे तो तसं बघत नाही.

घुमट

रात्रपाळी, मुद्दा भारी आहे. संथ गाण्यात पॅड फार वेळा पुरतो.

तार_षड्ज

पॅडला विरोध नाही, पण व्हायोलिन मिडीवर नीट वाजू शकतं हेही नोंदवून ठेवते. अनेक वर्षं हेच काम करतेय.

पहिली गोष्ट, ताफा म्हणून दोन्ही हातांनी पियानोसारखे कॉर्ड वाजवायचे नाहीत. पहिलं व्हायोलिन, दुसरं, व्हायोला, चेलो, प्रत्येकाची ओळ वेगळी आणि एका वेळी एकेक वाजवायची. कॉर्ड म्हणून वाजवलंत की सगळे स्वर एकाच क्षणी सुरू होतात आणि एकाच क्षणी संपतात, आणि तिथेच कीबोर्डचा वास येतो.

दुसरी, उजव्या हाताने स्वर वाजत असताना डाव्याने मॉड्युलेशन व्हील सतत हलवत राहायचं. बहुतेक लायब्ररींत १ क्रमांकाच्या कंट्रोलरवर गजाचा जोर असतो आणि ११ वर एक्स्प्रेशन. हे नंतर माऊसने काढू नका. माऊसची रेघ गुळगुळीत असते, हाताची नसते, आणि ते ऐकू येतं.

तिसरी, लेगाटोचा (स्वर न तोडता जोडून वाजवण्याचा) नमुना स्वर बदलताना आधी सरकतो आणि मग पुढच्या स्वरावर पोचतो. काही लायब्ररींत त्याला १०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. क्लिकवर (मात्रा मोजणाऱ्या टिकटिकीवर) अचूक वाजवलेली ओळ त्यामुळे मागे ऐकू येते. तो ट्रॅक तेवढाच आधी सरकवायचा, ऋण ट्रॅक डिले देऊन. क्वांटाईझने हे सुटत नाही.

आणि चौथी, जी मी सगळ्यांना आवर्जून सांगते: सगळ्यात वरच्या ओळीवर एकच खरं व्हायोलिन वाजवून घ्या. एक वादक, एक ट्रॅक, मिडीच्या ताफ्यापेक्षा किंचित पुढे. कान त्या एका गजाला पकडतो आणि मागच्या सगळ्यांवर विश्वास ठेवतो. घुमट यांनी खोलीबद्दल जे सांगितलं त्याच्याशीही हे जुळतं.

काळी_चार

चौथ्या मुद्द्यासाठी साष्टांग.

निखळ_नाद

पण घरी बसून खरं व्हायोलिन, खरी बासरी आणायची कुठून? प्रत्येकाच्या ओळखीत वादक नसतात.

तार_षड्ज

दूरवरून वाजवून घ्या. आजकाल कितीतरी वादक आपल्या घरून ट्रॅक पाठवतात, त्यांची खोली आणि माईक त्यांच्या वाद्यासाठी बसवलेले असतात. त्यांना नीट साहित्य देणं एवढं आपलं काम:

गाण्याचा मिक्स, त्यातून मिडी बासरी काढलेली. वेगळी फाईल फक्त मिडी बासरीची, संदर्भापुरती. क्लिकची वेगळी फाईल. तिन्ही फाईली अगदी सुरुवातीपासून, एकाच बिंदूपासून. पट्टी आणि लय लिहून. आणि सॅम्पल रेट ठरवून घ्या. तुमचं ४८ किलोहर्ट्झ आणि त्यांचं ४४.१ असं झालं आणि सॉफ्टवेअरने न बदलता तसंच वाजवलं, तर स्वर जवळपास दीड सेमीटोन वर चढतो आणि गाणंही लवकर संपतं.

आणि मिडीत बसवलेला पीस तंतोतंत वाजवायला सांगू नका. दोन टेक तसे मागा, एक त्यांच्या मनाने. चाल तुमची असली तरी बासरीला कुठे श्वास घ्यायचा हे वादकाला जास्त कळतं. योग्य तो मोबदला आणि श्रेयात नाव, हे आधीच बोलून ठेवा.

रविवारचा_रियाझ

त्यांच्या मनाचा टेकच शेवटी गाण्यात राहतो, हे माझं निरीक्षण.

जुनी_फाईल

या चर्चेत एक व्यवहाराची गोष्ट राहिली. मिडी फाईल काही किलोबाइटांची असते आणि २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ ऑडिओ मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट खातो. त्यामुळे लोक सगळं मिडीतच ठेवतात. काही वर्षांनी प्रोजेक्ट उघडलं की प्लगइन नव्या सिस्टिमवर चालत नाही, आणि मिडीत तर आवाज साठवलेलाच नसतो. उरतात नुसते स्वर.

प्रत्येक मिडी ट्रॅक पक्का झाला की ऑडिओत बाउन्स करून, म्हणजे आवाजाच्या फाईलमध्ये उतरवून ठेवा. मिडीही ठेवा. यात आणखी एक फायदा आहे. ऑडिओ झाला की माणूस स्वर खाजवत बसत नाही, गाणं पुढे सरकतं. लाइव्ह टेकला जी निर्णयाची शिस्त आपोआप असते ती मिडीला अशी लावता येते.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. क्वांटाईझ सोडवून ऐकलं. पियानो लगेच श्वास घ्यायला लागला, ऱ्हिदम मात्र थोडा भरकटला, म्हणून ठेका_धरा यांच्या साठ टक्क्यांवर आणला. गंधाराचंही खरं निघालं. दुसऱ्या व्हायोलिनने धरलेला गंधार काढला आणि गाणं मोकळं झालं.

ठरवलं ते असं. पियानो आणि खालचे व्हायोलिन मिडी. शेकर मी वाजवणार. बासरी एका ओळखीच्या वादक मुलीला विचारली, ती घरीच यायला तयार आहे. आता नवाच प्रश्न: गिटार क्लिकवर वाजवली की ताठ होते, क्लिकशिवाय वाजवली की मिडी जुळत नाही.

अनाहत

क्लिकशिवायच वाजवा. आधी गिटार आणि कच्चा आवाज एका दमात घ्या, मग सॉफ्टवेअरला त्या वाजवण्यावरून लयीचा नकाशा काढायला लावा. लॉजिकमध्ये स्मार्ट टेम्पो आहे, क्यूबेसमध्ये टेम्पो डिटेक्शन, इतरांत हाताने दर मात्रेवर खूण करता येते. मात्रा चुकीच्या ठिकाणी पकडली असेल तिथे स्वतः दुरुस्त करा, संथ गाण्यात ती अर्धी किंवा दुप्पट पकडण्याची शक्यता असते.

एकदा नकाशा झाला की मिडी तुमच्या लयीमागून चालतं. कडव्याच्या शेवटी तुम्ही रेललात की पियानोही रेलतो. मिडीची ही लवचीकता आधी रेकॉर्ड केलेल्या ऑडिओत इतकी सहज मिळत नाही, तिचा उपयोग करून घ्या. आधी माणूस, मग मिडी, या क्रमाने गेलात तर तुमच्या पहिल्या मित्राची तक्रार बहुतेक मिटेल.

घुमट

शंभर टक्के सहमत. आणि बासरी त्या नकाशानंतर, सगळ्यात शेवटी घ्या.

मंद्रसप्तक

कळलं. बासरीला माईक कुठे ठेवू? तोंडासमोर?

काळी_चार

तोंडासमोर नको, फुंकेची हवा थेट माईकच्या पडद्यावर आदळते आणि भसभस येते. मुखरंध्राच्या थोडा वरून, बोटांच्या बाजूला सरकवून, खाली तिरपा बघेल असा ठेवा. अंतर हात-दीड हात. फार जवळ गेलात तर फुंकच जास्त येते आणि स्वर पातळ होतो, म्हणून इथे गिटारपेक्षा लांब. खोली त्यामुळे जास्त येईल, तेव्हा वादकाच्या पाठीमागे ती रजई टांगा.

२४ बिटवर घ्या आणि तार सप्तकात ती सगळ्यात जोरात वाजवेल तेव्हा पातळी उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पातळी ठरवताना तिला "जरा वाजवून दाखव" म्हणू नका, त्यात कुणी जोर लावत नाही. पीसमधली सगळ्यात उंच ओळच वाजवायला सांगा. आणि ती बासरी गरम करत असल्यापासूनच रेकॉर्डिंग चालू ठेवा.